विदर्भाची गाठ, परक्या पेशी

‘केबी’ नावाच्या पेशी गेली साठ-सत्तर वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जात आहेत. १९५०च्या दशकात अमेरिकेत त्या वेगळ्या काढल्या गेल्या तेव्हा त्यांची नोंद तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी अशी झाली. त्या नोंदीवर विसंबून औषधांच्या, वनस्पतींच्या अर्कांच्या, नॅनोकणांच्या कितीतरी चाचण्या त्यांच्यावर झाल्या. पुढे तपासणीत निघालं की या पेशी तोंडाच्या नाहीतच, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या आहेत. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता, काही पेशी घेतल्या गेल्या. त्याच या ‘हेला’ पेशी. त्या इतक्या जोमानं वाढतात की पिपेटच्या चुकार थेंबातून दुसऱ्या बशीत शिरल्या तर तिथल्या मूळ पेशींना मागे टाकून ती बशीच बळकावतात. केबीचं तसंच झालं. स्वरयंत्राच्या कॅन्सरच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या हेप-२ पेशींचंही तेच. अनेक नामांकित सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेले पेशींचे वाण, आतून हेलाच आहेत, हे स्टॅन्ले गार्टलर यांनी १९६६ मध्येच दाखवून दिलं होतं. तरीही केबीला तोंडाच्या कॅन्सरचा नमुना मानून लिहिलेले शोधनिबंध अलीकडेपर्यंत छापले गेले आहेत.

नागपूरच्या वाचकाला ही दूरदेशीची गोष्ट वाटू नये. तोंडाचा कॅन्सर हा या शहराच्या घरातला आजार आहे. पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा तयार होतो. तो गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत तासन्‌तास दाबून ठेवला जातो, आणि नेमकं तिथेच पुढे तिखट झोंबू लागतं, पांढरा चट्टा येतो, तोंड उघडेनासं होतं, गाठ येते. नागपुरात १९८० पासून कॅन्सरची लोकसंख्येवर आधारित नोंदणी चालते आणि पुरुषांच्या यादीत तोंडाचा कॅन्सर आघाडीवर असतो. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कॅन्सर घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून आणि पाठोपाठ सुगंधित तंबाखू-सुपारीवर बंदी आहे. बंदी असूनही खर्रा कुठे मिळतो, हे या शहरात कोणाला विचारावं लागत नाही.

मग ज्या पेशींवर तोंडाच्या कॅन्सरची औषधं पारखली जातात, त्या कोणाच्या? जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरच्या सेल लाइन म्हणजे फ्रान्सची कॅल-२७, अमेरिकेच्या एससीसी-९ आणि एससीसी-२५, जपानची एचएससी-३. या सगळ्या जिभेच्या कॅन्सरच्या आहेत आणि खर्रा न खाणाऱ्या समाजांतून आलेल्या आहेत. विदर्भातल्या माणसाची गाठ बहुतेक वेळा गालात किंवा हिरडीत असते, सुपारीनं वर्षानुवर्षं घट्ट होत गेलेल्या कातडीतून उगवलेली असते. दोन्हींना तोंडाचाच कॅन्सर म्हणतात, पण दोन्हींची वाट वेगळी आहे. हा फरक कागदावरचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकीय प्रकल्पात भारतानं आपला विषय म्हणून गाल-हिरडीचाच कॅन्सर निवडला. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक यांनी मिळून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य रुग्णांत आढळणारे काही जनुकीय बदल त्यांत होतेच, शिवाय यूएसपी९एक्स, एमएलएल४, एआरआयडी२ यांसारख्या जनुकांतले, या कॅन्सरच्या संदर्भात तोवर नोंदले न गेलेले बदलही सापडले.

परकेपणा हा प्रश्नाचा एक भाग झाला. दुसरा भाग, एकाच गाठीतल्या पेशींच्या वैविध्याचा, अधिक खोल आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा पुण्यात सापडतो.

गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. १९८०च्या दशकात प्राणी-ऊती आणि पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून त्याची सुरुवात झाली. देशभरच्या प्रयोगशाळांना सेल लाइन पुरवणारं भांडार आजही तिथे आहे. या केंद्रातल्या डॉ. शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. अंडाशयाच्या कॅन्सरच्या एका रुग्णेच्या पोटात साठलेल्या पाण्यातून त्यांनी पेशी मिळवल्या. त्या सरमिसळ होत्या. त्यांतल्या एकेका पेशीपासून वेगवेगळी कुळं वाढवली, तेव्हा एका कुळाचं वागणं इतरांहून निराळं निघालं. त्यातल्या पेशी बशीच्या तळाला न चिकटता गोळे करून वाढत. प्राण्यात टोचल्या की गाठ तयार होई, आणि ती गाठ सूक्ष्मदर्शकाखाली माणसातल्या मूळ रोगासारखीच दिसे. त्या गाठीतल्या पेशी काढून दुसऱ्या प्राण्यात, तिथून तिसऱ्यात टोचल्या तरी गाठ होतच राही. स्वतःला पुन्हा पुन्हा घडवायचं आणि शिवाय निरनिराळ्या रूपांच्या पेशींना जन्म द्यायचा, हे मूलपेशीचं, म्हणजे स्टेम सेलचं, लक्षण आहे. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा पेशी असल्याचं दाखवणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या कामांत या निबंधाची गणना होते. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात घडली. दुसरं एक कूळ, जे आधी गाठ करत नव्हतं, ते बशीत वाढता वाढता आपोआप कॅन्सरी झालं. रोग पुढची पायरी कशी चढतो, ते संशोधकांना समोर पाहायला मिळालं.

पुण्यात हे चाललं होतं तेव्हा जगभर हाच प्रश्न तापलेला होता. टोरांटोत जॉन डिक यांच्या गटानं १९९४ आणि १९९७ मध्ये रक्ताच्या कॅन्सरबाबत दाखवलं होतं की सगळ्या रोगट पेशी रोग पुन्हा उभा करू शकत नाहीत, ती ताकद मोजक्याच पेशींत असते. २००३ मध्ये मिशिगनच्या मायकेल क्लार्क यांच्या गटानं स्तनाच्या कॅन्सरमधून पृष्ठभागावरच्या खुणांवरून अशा पेशी निवडल्या. त्यांतल्या शंभरेक पेशी उंदरात गाठ करायला पुरल्या. दुसऱ्या प्रकारच्या हजारो पेशी टोचूनही गाठ झाली नाही. २००७ मध्ये डोकं-मान भागाच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे ज्यात तोंडाचा कॅन्सरही मोडतो, सीडी४४ ही खूण असलेल्या थोड्या पेशींबद्दल असंच चित्र मांडलं गेलं. इथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘स्टेम सेल थेरपी’ म्हणून ज्या उपचारांच्या जाहिराती गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यासाठी केल्या जातात, त्यांचा या विषयाशी काही संबंध नाही.

विदर्भातल्या शेतकऱ्याला कॅन्सरच्या मूलपेशींची कल्पना पटकन कळेल. काळ्या जमिनीतला कुंदा वरून कितीही कापला तरी खालची मुळं राहिली की पहिल्या पावसाला तो पुन्हा हिरवा होतो. गाठ कापली, किरणं दिली, ज्याला लोक ‘शेक’ म्हणतात, केमो दिली, आणि वर्षभरात गाठ परतली, असं ज्या घरात घडलंय तिथे हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. अडचण अशी की हे चित्र अपुरं आहे, आणि अपुऱ्या चित्रावर उपचार बेतले तर रुग्णाची फसगत होते. कुंद्याचं पान कधी मूळ होत नाही. कॅन्सरमध्ये होतं.

हे दाखवणारा प्रयोग २०११ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या परिसरात झाला. पीयूष गुप्ता, एरिक लँडर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या दोन सेल लाइन घेतल्या. त्यांत मूलपेशींसारख्या आणि इतर दोन तऱ्हांच्या पेशी ठरावीक प्रमाणात नांदत होत्या. त्या तिन्ही वेगळ्या काढून निरनिराळ्या बश्यांत वाढवल्या. काही दिवसांत प्रत्येक बशीत तिन्ही तऱ्हा पुन्हा दिसू लागल्या आणि प्रमाण पहिल्यासारखं होत गेलं. म्हणजे मूलपेशींसारख्या पेशी सगळ्या निपटल्या तरी उरलेल्यांतून त्या नव्यानं तयार होऊ शकतात. त्याआधी २००८ मध्ये शॉन मॉरिसन यांच्या गटानं त्वचेच्या मेलॅनोमाबद्दल वेगळा धक्का दिला होता. रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेले उंदीर वापरले तर दर चार पेशींपैकी जवळपास एक गाठ करते, असं त्यांना आढळलं. तोपर्यंत अशा पेशी लाखात एक असतील असं मानलं जात होतं. थोडक्यात, कोणती पेशी ‘मूळ’ आहे याचं उत्तर तिला कोणत्या मातीत रुजवलं यावरही ठरतं. ही शंका-प्रतिशंका म्हणजे विज्ञानाचा गोंधळ नव्हे. जो संशोधक आज कॅन्सरच्या मूलपेशी मारणारं एकच औषध सापडल्याचं सांगतो, त्याला या दोन प्रयोगांना उत्तर द्यावं लागेल.

पुण्यातच २००९ मध्ये अंजली कुसुंबे आणि बापट यांनी या कोड्याची आणखी एक बाजू उघडी केली. पेशींना त्यांनी चमकणारा रंग लावला. पेशी विभागली की रंग निम्मा होतो, पुन्हा विभागली की चौथाई. वाढत्या गाठीतून पेशी काढून पाहिल्या तर काहींचा रंग जसाच्या तसा होता. भोवतालच्या पेशी भराभर वाढत असताना या स्वस्थ बसून होत्या. बहुतेक केमो औषधं विभागणाऱ्या पेशींना मारतात. जी विभागतच नाही ती त्यांच्या तावडीत सापडत नाही आणि औषध थांबल्यावर जागी होते. बोस्टनमध्ये २०१० साली फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पीसी-९ या सेल लाइनवर, मारायला लागते त्याच्या शंभरपट मात्रेत औषध सोडलं गेलं. तरी सुमारे ०.३ टक्के पेशी वाचल्या. त्यांचं वाचणं नव्या जनुकीय बदलामुळे नव्हतं, कारण औषध काढल्यावर त्यांची पुढची पिढी पुन्हा त्या औषधाला बळी पडू लागली. एका बशीतल्या, एका नावाच्या, कागदोपत्री एकसारख्या पेशींत हे घडलं.

मग एकाच नावाच्या पेशी दोन शहरांत तरी सारख्या असतात का? एमसीएफ-७ या सेल लाइननं या प्रश्नाचं सर्वांत स्पष्ट उत्तर दिलं. १९७० मध्ये मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये एका ननच्या छातीतल्या पाण्यातून ती मिळाली. स्तनाच्या कॅन्सरवरचं हार्मोनविषयक ज्ञान मोठ्या प्रमाणात तिच्यावर उभं आहे. २०१८ मध्ये उरी बेन-डेव्हिड आणि सहकाऱ्यांनी एमसीएफ-७ चे निरनिराळ्या ठिकाणचे २७ वाण जमवले आणि त्यांच्यावर ३२१ औषधी संयुगं तपासली. काही वाणांना जोरदार मारणाऱ्या संयुगांपैकी किमान ७५ टक्के संयुगं दुसऱ्या काही वाणांवर अजिबात चालली नाहीत! पुढच्याच वर्षी निरनिराळ्या प्रयोगशाळांतल्या हेला पेशींचीही तुलना झाली आणि त्यांच्यातही जनुकांपासून प्रथिनांपर्यंत मोठे फरक निघाले. कारण उघड आहे. बशी भरली की पेशी उकलून दुसऱ्या बशीत घालतात आणि प्रत्येक वेळी जी जोमानं वाढते तिची संतती पुढे जाते. सीरमचा पुरवठादार बदलतो, हाताळणारा बदलतो. पन्नास वर्षांत त्यातून वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या जाती तयार होतात, नाव मात्र तेच राहतं.

या सगळ्यातून एकच मागणी निघते, आणि ती नागपूरकडे केली पाहिजे. विदर्भाच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरच्या जिवंत पेशी इथेच, ताज्या, ओळख पटवलेल्या आणि एका रुग्णाच्या अनेक कुळांसह जपणारी पेढी या शहरात उभी राहिली पाहिजे. एखादी प्रसिद्ध सेल लाइन मागवून तिच्यावर प्रबंध लिहिणं सोपं आहे, पण त्यातून इथल्या रुग्णाच्या प्रश्नाचं उत्तर मिळण्याची शक्यता थोडी आहे.

अशा कामाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही, आणि तिच्यातली बरीच नावं स्त्रियांची आहेत. १९४४ मध्ये डॉ. वसंत खानोलकर यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. त्यांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या. १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून आल्या. हेला पेशी वाढवणारे गाय ते हेच. परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. पेशी वाढवण्याची विद्या जिथे जन्मली तिथून ती थेट परळला आली, असं म्हणायला हरकत नाही. त्याच संस्थेत पुढे सुधा गांगल यांच्या गटानं १९९० मध्ये भारतीय रुग्णांच्या तोंडातल्या गाठींपासून चार नव्या सेल लाइन तयार केल्याचा निबंध प्रसिद्ध केला. आर. जे. टाटके, ए. एन. भिसे हे त्यातले सहलेखक. एडब्ल्यू-१३५१६ आणि एडब्ल्यू-८५०७ या त्यांच्या सेल लाइन ॲक्ट्रेकच्या संशोधनात नंतरही वापरल्या गेल्या. उसन्या पेशींवर काम करत बसण्याऐवजी स्वतःच्या रुग्णांच्या पेशी वाढवल्या पाहिजेत, हे त्या पिढीला पस्तीस वर्षांपूर्वी उमगलं होतं. आजच्या विद्यापीठांत ही नावं किती विद्यार्थ्यांना माहीत आहेत?

काम अवघड आहे हे लपवण्यात अर्थ नाही. तोंडातली गाठ जंतूंनी आणि बुरशीनं भरलेली असते. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात तर अधिकच. तुकडा बशीत गेल्यावर आधी बुरशी माजते. ती आवरली तर गाठीतल्या साध्या तंतुपेशी कॅन्सरच्या पेशींना झाकून टाकतात. तेही निभावलं तरी बहुतेक नमुन्यांतल्या पेशी काही आठवड्यांत म्हाताऱ्या होऊन थांबतात. ज्या टिकतात त्या प्लास्टिकवर, सदतीस अंशांत, वासराच्या सीरमवर जगायला तयार झालेल्या असतात, म्हणजे पुन्हा एकदा निवडून निघालेल्या. म्हणून नुसती एक सेल लाइन पुरत नाही. पेशींचे त्रिमित गोळे, म्हणजे ऑर्गनॉइड, करण्याची पद्धत तोंडाच्या कॅन्सरसाठी २०१९ पासून नेदरलँड्समधल्या गटानं दाखवून दिली आहे आणि त्यांत गाठीचं वैविध्य अधिक टिकतं. शिवाय गाठीचा एक भाग लगेच उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गेला तर वीस वर्षांनी अधिक चांगली पद्धत आल्यावरही तो उघडता येतो. २०१७ मध्ये अमेरिकेत १८ रुग्णांच्या तोंडाच्या गाठींतल्या जवळपास सहा हजार पेशी एकेक करून वाचल्या गेल्या. गाठीच्या कडेला, निरोगी मांसात घुसणाऱ्या आघाडीवर, वेगळ्याच चालीच्या पेशी आढळल्या. मानेच्या गाठींत रोग पसरण्याशी त्यांचा संबंध लागला. गालातल्या खर्र्याच्या गाठीच्या कडेला काय आहे, हे पाहायला नागपूरहून योग्य जागा कोणती?

रुग्ण इथे आहेत. मानेवाडा रस्त्यावर राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. ज्या तुकडोजी महाराजांचं नाव त्याला दिलं, त्यांचाही १९६८ मध्ये कॅन्सरनंच अंत झाला. जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था २०२३ पासून पूर्ण क्षमतेनं सुरू आहे. मेडिकल, मेयो, डेंटल, मिहानमधलं एम्स, या सगळ्या रुग्णालयांकडे विदर्भाखेरीज छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगड, तेलंगणातूनही माणसं येतात. शस्त्रक्रिया रोज होतात. कापलेली गाठ फॉर्मेलिनच्या डबीत पॅथॉलॉजीकडे जाते, निदानासाठी ते योग्यच आहे, पण फॉर्मेलिनमध्ये पेशी मरते. निदानाला लागणारा भाग बाजूला ठेवून नखाएवढा तुकडा थंड पोषक द्रावात घालून दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा, एवढीच पहिली पायरी. कडेचा एक, मधला एक, मानेच्या गाठीतला एक, आणि रोग परतला तर तेव्हाचा एक. असे चार नमुने आणि सोबत रुग्णाच्या खर्र्याचा, उपचाराचा, परिणामाचा इतिहास. पेशींची ओळख एसटीआर तपासणीनं, म्हणजे डीएनएच्या ठशानं, रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पहिल्याच दिवशी नोंदवली तर नागपुरात दुसरी केबी जन्माला येणार नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ज्या भागात तोंड तपासायला माणूस नाही, रेडिएशनसाठी रांग आहे, तिथे प्रयोगशाळेवर खर्च कशाला? खर्रा बंद करा, गाल दाखवायला लावा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. हे खरं आहे. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’सारखा उपक्रम तंबाखू आणि दारूविरुद्ध गावागावांत काम करतो, तसं काम शहरातल्या प्रत्येक प्रभागात व्हायला हवं आणि पैशावर पहिला हक्क त्याचाच. मात्र ज्यांच्या गालात गाठ आलेली आहे आणि ज्यांची गाठ परत आली आहे, त्यांना खर्राबंदीनं औषध मिळत नाही. उपचारानंतर परतणाऱ्या कॅन्सरचा प्रश्न पेशींच्या वैविध्याचाच आहे, आणि तो दुसऱ्या देशातल्या जिभेच्या पेशींवर सुटेल अशी आशा धरून बसणं हाही एक खर्चच आहे. तो रुग्णांच्या आयुष्यातून भरला जातो.

एक जबाबदारी वृत्तपत्रांचीही आहे. अमुक पानाच्या रसानं कॅन्सर पेशी मेल्या, अशी बातमी महिन्या-दोन महिन्यांनी येते. बशीतली पेशी मारणं फारसं अवघड नसतं. हळदीतल्या कर्क्युमिननं बशीतल्या कितीतरी सेल लाइन मारल्या आहेत, पण माणसातल्या कॅन्सरवर सिद्ध झालेलं औषध म्हणून त्याला आजवर मान्यता मिळालेली नाही. ती बातमी वाचून कोणी केमो अर्धवट सोडली तर त्याची किंमत बातमी देणारा मोजत नाही. अशी बातमी छापण्याआधी बातमीदारानं संशोधकाला विचारावं: सेल लाइन कोणती, तिची ओळख केव्हा पडताळली, किती वेगवेगळ्या सेल लाइनवर हेच दिसलं, वाचलेल्या पेशींचं काय झालं, आणि निरोगी पेशींवर तोच रस घातला तेव्हा काय झालं. उत्तरं नसतील तर ती बातमी नव्हे. मार्गदर्शक प्राध्यापकांनीही विद्यार्थ्याचा प्रबंध स्वीकारताना हेच विचारायला हवं. परदेशातल्या कित्येक नियतकालिकांनी ओळख-तपासणीचा दाखला सक्तीचा केला आहे, तो आपल्या विद्यापीठांनी प्रबंधासाठी सक्तीचा करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पेढी उभारायची तर रुग्णाची संमती हा तिचा पाया असला पाहिजे. हेन्रिएटा लॅक्स यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या पेशींवर कंपन्यांनी पैसा केला, कुटुंबाला दशकानुदशकं काही मिळालं नाही. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये थर्मो फिशर या कंपनीनं वारसांशी तडजोड केली. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुन्यांच्या पेढ्यांबद्दल स्पष्ट तरतुदी आहेत. त्या इंग्रजीत छापून फाइलीत ठेवून भागणार नाही. नागपूरच्या वॉर्डात गोंडी बोलणारा सिवनीचा मजूर असतो, हिंदीच समजणारी बालाघाटची बाई असते, तोंड उघडत नसल्यानं बोलता न येणारा तरुण असतो. संमतीपत्र त्यांच्या भाषेत हवं, वाचून दाखवणारा माणूस डॉक्टरहून वेगळा हवा, नकार दिला तर उपचारात फरक पडणार नाही हे पहिल्या ओळीत हवं. पेशींपासून पुढे औषध किंवा चाचणी तयार होऊन कोणाला नफा झाला, तर त्यातला ठरावीक वाटा विदर्भातल्या कॅन्सर रुग्णांच्या उपचारनिधीत जाईल, असं कलम करारात पहिल्या दिवसापासून असावं. रुग्णालयं, विद्यापीठ आणि राज्य सरकार यांनी एकत्र बसून हा मसुदा तयार करायला एखादं वर्ष लागेल. द्रव नायट्रोजनची टाकी त्यानंतर मागवता येईल.